पाय न टेकवता

गोळेवाडीच्या नाक्यापासून सिंहगडाच्या वाहनतळापर्यंत साधारण नऊ किलोमीटरचा घाट आहे. तो एकदा तरी सायकलने, मध्ये कुठेही पाय न टेकवता चढायचा, असं मी नोव्हेंबर २०२२ मध्ये ठरवलं. तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते आणि कोथरूडच्या घरातून निघून चांदणी चौकापर्यंतचा चढही मला एका दमात जमत नव्हता. मार्चमध्ये घाट चढून झाला. मधल्या चार महिन्यांत पुण्याभोवतीचे जे रस्ते पायाखाली घातले, त्यांच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

सायकल आमच्या घराला नवी नाही. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. शनिवार पेठेतून खडकीला ते जवळजवळ तीस वर्षं सायकलने गेले. सकाळी पँटीच्या उजव्या पायाला क्लिप लावायची, डबा हँडलला अडकवायचा आणि निघायचं. तेव्हाचं पुणं सायकलींचंच होतं. सायकलला पालिकेचा बिल्ला लागायचा. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट सापडलं तर पोलीस अडवायचे. कारखान्याची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून वाहायचा आणि मी कोपऱ्यावर उभी राहून त्या गर्दीत बाबांना शोधायचे. पुढे घरोघरी लुना आल्या, मग स्कूटर आल्या, आणि बघता बघता ती गर्दी नाहीशी झाली. कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचं जुन्या सायकलींचं संग्रहालय आहे. तिथे बाबांच्या सायकलीसारखीच काळी, रॉडचे ब्रेक असलेली एक सायकल पाहून मी बराच वेळ तिच्यापाशी उभी होते. नवी सायकल घ्यायचं तिथेच पक्कं झालं.

आईला वाटलं होतं मी सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या मारीन. सिंहगडाचं ऐकल्यावर ती म्हणाली, "त्या बाजूला जाणारच आहेस तर धरण बघून येत जा. किती भरलंय ते सांग." आईचं आणि धरणाचं नातं जुनं आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि त्या पाण्याने खडकवासलाही फोडलं, तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि त्यांचं बिऱ्हाड नदीपासून दोन गल्ल्यांवर होतं. आजही पावसाळ्यात पेपर आला की ती आधी धरणसाठ्याची चौकट वाचते. चारही धरणांच्या क्षमता तिला पाठ आहेत: खडकवासला १.९७, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१. मिळून २९.१५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. हे आकडे ती अडीचकीच्या पाढ्यासारखे म्हणते.

मी हायब्रिड सायकल घेतली. पुढे तीन चक्रं, मागे आठ. रेसरसारखी वाकून बसायची नको होती आणि जाड टायरची एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांची सायकल, डांबरावर जड जाते, म्हणून ही मधली. घाटासाठी पाहायची गोष्ट एकच. पुढचं सगळ्यात लहान आणि मागचं सगळ्यात मोठं चक्र यांना किती दाते आहेत? माझ्या सायकलला पुढे अठ्ठावीस, मागे चौतीस. म्हणजे पेडलचा एक फेरा पूर्ण झाला तरी मागचं चाक पूर्ण फिरत नाही. सपाटीवर हा गिअर निरुपयोगी वाटतो, पण सिंहगडाच्या शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये माझं सगळं त्याच्यावर चाललं.

पहिले तीन आठवडे मी फक्त पाषाण तलावापर्यंत जायचे. कोथरूडमधून चांदणी चौक, तिथून एनडीए–पाषाण रस्त्याने उतार. चौकातला जुना पूल ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाडला होता. सगळीकडे खोदकाम, धूळ आणि पत्र्यांच्या भिंती. पहाटे साडेपाचला मात्र तिथूनही नीट जाता यायचं. पाषाणच्या बाजूला उतरायला लागलं की हवा एकदम गार व्हायची आणि बोटं आखडायची. तलावावर निम्म्या पाण्यावर जलपर्णी, उरलेल्या निम्म्यात हळदीकुंकू बदकं आणि पाणकावळे. एका वाळक्या फांदीवर रोज एक खंड्या असायचा. मी थर्मासमधला चहा प्यायचे आणि परत फिरायचे. परतताना चौकाचा चढ. तो पहिल्या दिवशी मी तीनदा थांबून चढले. तिसऱ्या आठवड्यात एकदाही थांबावं लागलं नाही.

याच दिवसांत माझा गुडघा दुखायला लागला. वाटीच्या पुढच्या बाजूला, जिना उतरताना कळ यायची. ज्या मोठ्या दुकानातून सायकल घेतली तिथे सीट लावून देताना "दोन्ही पाय जमिनीला लागले पाहिजेत, म्हणजे सेफ" असं सांगितलं होतं. मी ते खरं मानलं. डॉक्टरकडे जायच्या आधी, आमच्या गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये बसणाऱ्या सायकलवाल्या मामांना सहज दाखवलं. त्यांनी मला सायकलवर बसवलं, एका हाताने सायकल धरली आणि म्हणाले, "टाच पेडलवर ठेवा ताई. आता पेडल पार खाली न्या. पाय सरळ झाला का?" झाला नव्हता. गुडघा चांगलाच वाकलेला होता. मामांनी पान्याने सीट जवळजवळ चार बोटं वर घेतली. टाच टेकवून पाय सरळ, म्हणजे चालवताना चवडा टेकवला की गुडघ्याला थोडासा बाक राहतो. तेवढाच हवा. सीट खाली असली की प्रत्येक फेऱ्याला गुडघा जास्त दुमडतो आणि सगळा भार वाटीवर येतो. थांबताना आता सीटवरून पुढे उतरावं लागायचं, त्याची सवय व्हायला आठवडा गेला. दुखणं दहा-बारा दिवसांत गेलं. मामांनी पैसे घेतले नाहीत. "आधी चढून या," म्हणाले.

डिसेंबरपासून खडकवासला. दोन वाटा आहेत. एक राजाराम पुलावरून सिंहगड रस्त्याला लागून धायरी, नांदेड फाटा, किरकटवाडी. तिथे तेव्हा उड्डाणपुलाचं काम चालू होतं आणि पहाटेसुद्धा डंपर असायचे. दुसरी वारज्यावरून शिवण्याला जाऊन तिथे मुठा ओलांडून नांदेड फाट्याला निघायचं. ही बरी. शिवण्यात कुत्री अंगावर येतात, त्यालाही उपाय आहे. जोर लावून पळायचं नाही. उतरायचं, सायकल कुत्र्याच्या आणि आपल्या मध्ये घ्यायची आणि शांतपणे चालत राहायचं. दहा पावलांवर त्यांची हद्द संपते. मागे लाल दिवा, पुढे पांढरा, अंगावर चमकणारं जाकीट आणि डोक्यावर हेल्मेट, एवढं असल्याशिवाय अंधारात घराबाहेर पडायचं नाही हा माझा नियम. बाई एकटी पहाटे निघते म्हणून लोकांनी काळजी बोलून दाखवली. त्यांना मी सांगायचे, या रस्त्यावर पहाटे मी एकटी नसते. दूधवाले, भाजीचे टेम्पो, पळणारी मुलं, आणि रविवारी तर सायकलवाल्यांची रांगच.

खडकवासल्याची भिंत १८७० च्या दशकात बांधलेली. तिच्याजवळ पोचलं की आधी वास येतो. ओल्या चिखलाचा, शेवाळाचा, थोडासा माशांचा. मग डाव्या हाताला गावातले दिवे आणि उजवीकडे अचानक मोकळा काळोख, तोच जलाशय. हिवाळ्यात उजाडताना पाण्यावर वाफेचा पट्टा असतो, आणि पलीकडच्या काठाला एनडीएची झाडी हळूहळू आकार घेते. पहिल्या दिवशी मी चौपाटीवर सायकल टेकवून उभी राहिले आणि लक्षात आलं की माझ्या घरच्या नळाला येणारं पाणी इथूनच निघतं. आयुष्यभर हे माहीत होतं. पण सोळा किलोमीटर पेडल मारून, घामाघूम होऊन त्या पाण्यासमोर उभं राहिल्यावर ते अंगाला कळलं. मी शहरातून वर आले होते आणि पाणी त्याच वेळी कालव्याने, नळांनी शहराकडे खाली चाललं होतं. त्या दिवशी आईला फोन करून सांगितलं, "भरलंय. अगदी काठाशी आहे." ती म्हणाली, "डिसेंबर आहे, असणारच. मार्चमध्ये सांग."

खडकवासल्याच्या रस्त्यावरच मला एक काका भेटले. निवृत्त होऊन आठ वर्षं झालेले, दर रविवारी सिंहगड करणारे. जुनीच सायकल, कॅरिअरला दोरीने बांधलेली पिशवी, तिच्यात पंक्चरचं सामान आणि दोन केळी. मी त्यांच्या पुढे जायचे आणि चार किलोमीटरवर ते मला गाठायचे. एकदा शेजारी येऊन म्हणाले, "ताई, बोलता येतंय का आत्ता?" मी मान हलवली, शब्द निघेना. "मग हळू करा. पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, तेवढ्याच जोरात चालवायची. चढावर तर नक्कीच." इतकं साधं मापक आहे. घड्याळ लागत नाही, छातीला पट्टा लागत नाही. पुढचे दोन महिने मी चढावर मोठ्याने मनाचे श्लोक म्हणत होते. ओळ मध्येच तुटली की गिअर हलका करायचा. शिवाय त्यांनी दर वीस मिनिटांनी पाण्याचे दोन घोट घ्यायला शिकवलं, तहान लागायची वाट न बघता. माझ्या एका बाटलीत लिंबू, साखर, मीठ घातलेलं पाणी असतं, दुसरीत साधं. खिशात राजगिऱ्याची वडी. विकतच्या महागड्या जेलपेक्षा ती मला जास्त मानवते.

जानेवारीत घाटाची सवय करायला बोपदेव. मार्केट यार्ड, गंगाधाम, कोंढवा, येवलेवाडी असं जायचं. येवलेवाडीपर्यंतचा रस्ता मला आवडत नाही. बांधकामांची खडी, काँक्रीटचे मिक्सर, आणि जिथे सायकलींसाठी पट्टा आखलेला आहे तिथे गाड्या लावलेल्या. सायकलवाल्याने मग मुख्य रस्त्यावर यायचं आणि मागच्याचा हॉर्न ऐकायचा. जे रस्ते आखतात त्यांनी एकदा पहाटे सहाला सायकलवर बसून हा पट्टा शेवटपर्यंत जाऊन बघावा, असं मला मनापासून वाटतं.

घाट मात्र सुंदर. चारेक किलोमीटरचाच, पण खडा. पहिल्या खेपेला चारदा थांबले. वर पोचलं की वारा एकदम अंगावर येतो आणि मागे वळलं की पुणं अख्खं खोलगट ताटात वाढल्यासारखं दिसतं. पर्वती, वेताळ टेकडी, लांब नैऋत्येला सिंहगडावरचा टॉवर. शहरात राहून शहराचा उतार कळत नाही, तो इथून कळतो. घाटमाथ्यापासून पुढे भिवरी, चांबळी करत सासवडपर्यंत मोकळं रान. ज्वारी हुरड्यात आलेली, अंजिराच्या बागांना काटेरी कुंपणं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बांधावर टोपली घेऊन बसलेल्या एका आजींकडून मी पाव किलो घेतले. त्यांनी वर दोन जास्त टाकले आणि विचारलं, "एवढ्या लांबनं सायकलीवर? पोरी, घरी सांगून आलीस ना?" सासवडहून दिवे घाटाने परत यायचा मोह होतो, कारण त्याच वाटेने ज्ञानोबांची पालखी चढते आणि खाली मस्तानी तलाव दिसतो. पण तिथे अवजड गाड्या फार. मी एकदाच उतरले. पुन्हा सायकलने उतरणार नाही.

बोपदेवच्या उतारावरच मी पडले. तिसऱ्या की चौथ्या खेपेला, येवलेवाडीच्या बाजूच्या एका वळणावर बारीक वाळू पसरलेली होती. वेग जास्त होता आणि वळणाच्या मध्यात मी ब्रेक दाबला. पुढचं चाक सरळ आडवं गेलं. कोपर सोलवटलं, मांडीवर हातभर निळा डाग. हेल्मेटवर एक लांब ओरखडा उमटला होता. तो डोक्यावर उमटला असता. मागून येणाऱ्या दुचाकीवरच्या दोन मुलांनी गाडी थांबवली, सायकल उचलून कडेला लावली, एकाने आपल्या बाटलीने जखम धुतली आणि मी उभी राहीपर्यंत दोघं थांबले. तेव्हापासून उताराचे माझे नियम ठरले. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. दोन्ही ब्रेक थोडे थोडे, सोडत सोडत, सतत दाबून ठेवायचे नाहीत, नाहीतर रिम इतकी तापते की बोट लावता येत नाही. आणि रस्ता ओला किंवा वाळूचा दिसला की वेगाची हौस तिथेच सोडायची. चढ शिकायला मला चार महिने लागले, उताराची भीती जायला त्याहून जास्त.

फेब्रुवारीत एक मोठी फेरी पानशेतची. डोणजे फाट्याला सिंहगडाकडे न वळता सरळ जायचं. खानापूर, सोनापूर, रुळे, आणि सगळा वेळ उजव्या हाताला खडकवासल्याचं पाणी. या फेरीला घाट नाही, नुसते चढउतार. मला विचाराल तर पुण्याजवळचा सायकलीसाठी सगळ्यात देखणा रस्ता हाच. फेब्रुवारीत पाणी थोडं मागे सरकतं आणि काठावर ओल्या गाळाची पट्टी उघडी पडते. त्या गाळात गावातली माणसं भाजी आणि कलिंगडं लावतात. चक्रवाक जोडीजोडीने फिरत असतात, तांबूस, जवळ गेलं की आवाज करत उडतात. एका ठिकाणी काटेसावर पूर्ण फुललेली होती, पान एकही नाही, आणि तिच्यावर इतक्या साळुंक्या, मैना की झाडच बोलतंय असं वाटावं. मी तिथे राजगिऱ्याची वडी खाल्ली आणि अर्धा तास हलले नाही.

पानशेत आंबी नदीवर, शेजारचं वरसगाव मोसेवर. दोन्ही धरणं इतकी जवळ आहेत की मधला फाटा चुकला तर कुठल्या भिंतीकडे आलो ते पाटी वाचून कळतं. पानशेतचं आताचं धरण पुन्हा बांधलेलं आहे. मी भिंतीच्या खालच्या अंगाला, नदीच्या पात्राकडे बघत उभी राहिले. जुलै १९६१ मध्ये काम पुरतं झालेलं नसताना पाणी चढत गेलं. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून भिंत धरून ठेवली, म्हणून ती पहाटे अंधारात न फुटता सकाळी फुटली आणि हजारो माणसांना पळायला उजेड मिळाला. आईला हे माहीत आहे. ती त्या जवानांबद्दल बोलताना आजही हात जोडते. मी तिला तिथून फोन लावला आणि सांगितलं, पानशेतला आहे. ती जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मी अजून पाहिलेलं नाही ते. आमच्याकडे आधी गल्लीतून नुसतं पायापुरतं पाणी आलं. आम्ही पोरं त्यात नाचत होतो. आजी ओरडली, वर चला, म्हणून वर गेलो. नंतर दारावरचा गणपती दिसेना एवढं चढलं." हे तिने मला आधी कधी सांगितलं नव्हतं. लकडी पुलावरून पाणी गेलं, पेठा उद्ध्वस्त झाल्या, हे सांगायची. पाण्यात नाचल्याचं पहिल्यांदा. येऊन जाऊन मला जवळजवळ ऐंशी किलोमीटर पडले आणि परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात ती नऊ वर्षांची मुलगीच होती.

(मुळशीलाही एकदा गेले. पिरंगुटचा घाट, पौड, मग धरण. तिथलं पाणी पुण्याकडे येत नाही, सह्याद्रीतून खाली भिऱ्याला जाऊन वीज करतं. याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांनी मावळ्यांना घेऊन सत्याग्रह उभा केला होता. रस्ता पावसाळ्यात स्वर्गासारखा आणि शनिवार-रविवारी गाड्यांनी तुंबलेला, म्हणून जायचं तर मधल्या वारी.)

सिंहगडाचा पहिला प्रयत्न जानेवारीच्या शेवटी केला होता. नाक्यातून आत शिरले आणि उत्साहात पहिले दोन किलोमीटर जोरात मारले. तिसऱ्यात पोटरीला गोळा आला, पाय टेकला. ढकलत वर गेले नाही, तिथूनच परतले. दुसऱ्या प्रयत्नाला श्वास ताब्यात होता, पण घरून निघायला उशीर झाला. साडेआठला घाटात गाड्यांची रांग लागलेली. कोंढणपूरकडचा रस्ता येऊन मिळतो त्याच्या थोडं वर एक गाडी चढावर बंद पडली, क्लच जळाल्याचा वास सगळीकडे, आणि माझ्यापुढे जागाच उरली नाही. पाय टेकला. काका त्या दिवशी मागेच होते. म्हणाले, "पाच वाजता निघून बघा. घाट तोच असतो, पण तुमचा असतो."

५ मार्च, रविवार. पावणेपाचला निघाले. दुसऱ्या दिवशी होळी होती, त्यामुळे चंद्र जवळजवळ पूर्ण आणि तो समोर पश्चिमेला उतरत चाललेला. खडकवासल्याच्या पाण्यावर त्याची लांब पिवळट रेघ होती. गोऱ्ह्यात, डोणज्यात चौकाचौकांत होळीची लाकडं आणि गोवऱ्या रचून ठेवलेल्या. गोळेवाडीला सहाच्या सुमारास पोचले. नाक्यावरच्या माणसाने शालीतून हात बाहेर काढून जा म्हणून खूण केली. मी एक बाटली निम्मी रिकामी केली, सीटची पकड एकदा हलवून बघितली आणि सगळ्यात हलका गिअर टाकला. पहिल्यापासूनच. सुरुवातीच्या चढाला त्याची गरज नसते, हात शिवशिवतात वरचा गिअर टाकायला. टाकला नाही.

पहिले दोन किलोमीटर झाडीतून जातात. अंधारात रस्त्याचा चढ दिसत नाही, हे चांगलंच. दिव्याच्या उजेडातलं दहा फूट डांबर एवढंच जग. मनाचे श्लोक चालू होते. तिसऱ्या किलोमीटरला फटफटलं. खालच्या रानात मोर ओरडला, त्याला वरून दुसऱ्याने उत्तर दिलं. वणव्यात काही उतार जळून काळे झाले होते आणि त्या काळ्यावर एकच पांगारा लाल उभा होता. वळणावर नेहमी बाहेरच्या अंगाने जायचं, आतल्या बाजूला चढ अंगावर येतो, हे काकांचं आठवत होतं. मागून गाडीचा आवाज येतोय का, याकडे एक कान. तासभर एकही गाडी आली नाही.

कोंढणपूर फाट्याला रस्ता क्षणभर सैल होतो. तिथे थांबायची जागा आहे, दगड आहेत, बसून पाणी प्यावं असं वाटतंच. मी चालत्या सायकलवर दोन घोट घेतले. पुढे खरा घाट. शेवटच्या भागात चढ असा येतो की पुढचं चाक हलकं लागतं, उचललं जाईल की काय असं वाटतं. अंग पुढे झुकवून, कोपरं वाकवून भार त्याच्यावर ठेवावा लागतो. वेग इतका कमी की तोल सांभाळायला हँडल डावीउजवीकडे थोडं थोडं हलवावं लागत होतं. इथे श्लोकाची ओळ तुटली. पूर्ण वाक्य तर नाहीच. मग मी पेडल मोजायला लागले. वीस फेरे, पुन्हा वीस. घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावरून टपकन हँडलवर पडायचा आणि मला तो पडताना दिसायचा. एका वळणावर वरून उतरणारे तीन सायकलवाले दिसले. त्यातला एक ओरडला, "ताई, झालं! दोनच वळणं!" प्रत्यक्षात चार होती. पण त्या दोन शब्दांवर मी दोन वळणं चढले आणि उरलेली दोन त्या मुलावर रागावून.

वाहनतळाची सपाटी आली तेव्हा मला लगेच उतरता आलं नाही. पाय पेडलवरून निघेनात. एका मोकळ्या जागेत हळूहळू गोल फिरत राहिले, मग दगडी कठड्याला हात लावून थांबले. गोळेवाडीपासून एक तास बावीस मिनिटं लागली होती. चांगल्या सायकलवाल्याला याच्या निम्मी पुरतात. डावा पाय जमिनीला टेकवला तेव्हा तो थरथरत होता आणि मला रडू येत होतं, ते मी येऊ दिलं.

वर पायवाटेने आत गेले. चुली नुकत्याच पेटत होत्या. एक मावशी मडक्यातलं दही पाण्याने भरलेल्या घमेल्यात ठेवत होत्या. मी भाकरी-पिठलं सांगितलं. "दम खा आधी," त्या म्हणाल्या, "भाकरी गरमच देते." मी समोर बसून बघत राहिले. तांदळाच्या उकडीसारखं मऊ मळलेलं ज्वारीचं पीठ, परातीत तळव्याने थापत, फिरवत मोठं करायचं, उचलून तव्यावर टाकायचं, वरच्या अंगाला ओल्या बोटांनी पाणी फिरवायचं. तव्यावरून काढून ती चुलीतल्या निखाऱ्याला उभी टेकवली तशी फुगली. पिठल्यावर कच्चं तेल, बाजूला लसणाचा ठेचा आणि फोडलेला कांदा. दोन भाकऱ्या खाल्ल्या, वर मीठ घातलेलं दही. मग देवटाक्यावर गेले आणि त्याचं थंड पाणी तोंडावर मारलं.

तटाजवळून उत्तरेला खाली खडकवासला दिसतो. इतक्या वरून त्याचा आकार कळतो. भिंतीपाशी रुंद, मग वळत वळत सांगरुणकडे अरुंद होत गेलेला. काठाने सगळीकडे मातीची फिकी कड उघडी पडली होती. मी कठड्यावर बसून आईला फोन लावला.

"चढले. पाय नाही टेकवला."

"पडली नाहीस ना? खाल्लंस काही?"

"खाल्लं. दोन भाकऱ्या."

"बरं. धरण दिसतंय का तिथून?"

"दिसतंय. खाली गेलंय. सगळ्या बाजूंनी माती दिसतेय, दोन माणसं उंच तरी."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "पानशेत, वरसगावात आहे अजून," ती म्हणाली. "जूनपर्यंत काढेल. तू उतरताना सावकाश ये."